बावीस आणि दोन

५ सप्टेंबर, शुक्रवार

ही वही खरं तर प्रवाशांच्या नावांची. गेल्या हंगामात अर्धीच भरली, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. नवी आणायला दुकानात जावं लागलं असतं आणि आज मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही बस धूत होतो. तो टपावर ब्रश घेऊन, मी खाली पाइप धरून. उद्यापासून आमच्या पानगळीच्या सहली सुरू, दहा आठवडे, दर शनिवार-रविवार. मी नेहमीसारखी बडबडत होते. वरून तो म्हणाला, "हा हंगाम संपला की मी जाईन म्हणतो." मला वाटलं, गॅरेजला. म्हटलं, जाशील तेव्हा ब्रेकही बघून घे. तो खाली उतरला, आधी नळ बंद केला, आणि मग म्हणाला की दादाकडे, समुद्रकाठी, बोटींच्या कामाला. मी विचारलं, किती दिवस.

"परत यायचं नाहीये मला."

कोण आहे ती, असं मी विचारलं. कोणी नाही म्हणाला. मग माझं काय चुकलं ते विचारलं. "तुझं काही चुकलं नाही गं, रेडिओ. मला काही वाटेनासंच झालंय. सकाळी उठून ड्रायव्हरचं काम करतो, तसंच नवऱ्याचं काम करतो."

रेडिओ म्हणजे मी. मी त्याला कॅप्टन म्हणते. एकोणीस वर्षं झाली, खरी नावं फक्त लायसन्सवर उरलीत. मूल झालं नाही, बस झाली, असं आम्ही लोकांना सांगतो आणि लोक हसतात.

कोणी असती तर बरं झालं असतं. भांडायला समोर माणूस तरी असतं. आता कुणाशी भांडू?

दहा आठवडे आहेत हातात. तेवढ्यात दगडालाही पाझर फुटेल, आणि हा तर आमचा कॅप्टन आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

पहिली फेरी. बस गच्च. पानं अजून धड पिवळीसुद्धा झाली नाहीत, पण शहरातल्या माणसाला घाई फार. दोन झाडं तांबूस दिसली तरी फोन बाहेर.

रस्ता तोच. लायब्ररीच्या मागून सकाळी नऊला निघायचं. आधी सफरचंदांची बाग, तिथे ज्याची त्यानं तोडून पेटी भरायची. मग मक्याच्या शेतातला भुलभुलैया, मग जंगलातून तासभर पायी, आणि शेवटी तळ्यावर लाँचची चक्कर. सातला परत. प्रत्येक ठिकाणाहून निघताना मी पुढून मागे जात डोकी मोजते आणि तो त्याच्या मोठ्या आरशातून मोजतो. मी म्हणते "बावीस आणि दोन", तोही म्हणतो "बावीस आणि दोन". दोन म्हणजे आम्ही. दोघांचे आकडे जुळल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, हा नियम त्याचाच, पहिल्या वर्षापासूनचा.

तळ्यावर मी माइकवर आमची गोष्ट सांगते. लोकांची आवडती. की याच धक्क्यावर एकोणीस वर्षांपूर्वी एका कंपनीची बस बंद पडली. ड्रायव्हर बसखाली, गाइड टॉर्च धरून बाहेर, आणि गाइडची टकळी चालूच. शेवटी बसखालून आवाज आला, "तुम्ही घरीही इतकंच बोलता का?" गाइड म्हणाली, घरी कोणी ऐकायलाच नाही. तेव्हा बसखालून उत्तर आलं, "मग मी येऊ का?" इथे लोक हसतात, आणि ड्रायव्हरसाहेब दोनदा हॉर्न वाजवतात.

आज सांगू की नको, असं झालं होतं. पण सांगितली. आणि त्यानं बरोब्बर वेळेवर दोनदा हॉर्न वाजवला.

ज्याला जायचंय तो हॉर्न कशाला वाजवेल?

१० सप्टेंबर, बुधवार

आज सकाळी म्हणाला, चल, जरा बस चालवू. मोठ्या गाडीचं लायसन्स मी कधीचंच काढलंय, लांबच्या प्रवासाला दुसरा ड्रायव्हर लागतो म्हणून, पण प्रवासी घेऊन कधी चालवली नाही. जुन्या गिरणीच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथे गेलो. त्याची सीट पार मागे. त्याचे पाय ताडमाड, माझे हे एवढेसे. पुढे ओढायचा दांडा इतका घट्ट की दोन्ही हात लावून, ओठ चावून ओढावा लागतो. तो बाजूला बसून बघत होता.

तासभर रिव्हर्स शिकवला. "आरसे तीन आहेत, तिन्ही बघ." गिअरवर माझ्या हातावर हात ठेवून दोनदा टाकून दाखवला. लायसन्सची परीक्षा सोडली तर एकोणीस वर्षांत यानं मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आता दर बुधवारी यायचं म्हणतो.

घरी आल्यावर मी ताईला फोन करून सांगितलं. ताई माझी मोठी बहीण, तिला परवाच सगळं रडून सांगून झालं होतं. म्हटलं, बघ, दर बुधवारी दोघंच, मोकळ्या मैदानात. लग्नाआधीसुद्धा इतकं फिरवलं नव्हतं. ताईनं जेवलीस का विचारलं. तिला पहिल्यापासून तो आवडत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आजची गंमत लिहायलाच हवी. माझा माइक इतकी वर्षं हातातला, लांब वायरीचा. आज त्यानं त्याला वाकणारी मान लावून ड्रायव्हरच्या सीटसमोर, काचेखाली बसवला. बटणही स्टिअरिंगपाशी. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाला, "हात मोकळे राहतात."

बोलायचंय वाटतं स्वारीला. एकोणीस वर्षं मूग गिळून बसलेला माणूस आता म्हातारपणी माइकवर बोलणार. मी म्हटलं, मग मी काय करू, हॉर्न वाजवू? तो हसला. खरंच हसला. चष्म्याच्या बाजूला सुरकुत्या पडतात तसा.

हीटरही दुरुस्त करून आणलाय. आणि किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधल्यात, त्याच्या त्या मुंगीच्या अक्षरात: डिकी, डिझेल, शेड, शेडचं आतलं कुलूप. घर सोडून जाणारा माणूस इतकं कुणासाठी करतो? आठवड्यात दहा वेळा तरी मी हे स्वतःला विचारते आणि दहाही वेळा बरं वाटतं.

२८ सप्टेंबर, रविवार

पानं आता जोरात आलीत. जंगलाच्या वाटेवर चालताना पाय घोट्यापर्यंत बुडतात. एका काकांनी पानांच्या ढिगात मुद्दाम लोळून फोटो काढून घेतला आणि मग त्यांना उठताच येईना. मला, त्याला आणि आणखी दोघांना मिळून उचलावं लागलं. तेवढा वेळ सगळं नेहमीसारखं होतं.

मग बागेत. नाही, बाग आधी होती, पण ते लिहायचं मी टाळत होते.

बागेची मालकीण, आम्ही तिला बागवाली म्हणतो, चाळिशीची, गालांवर कायम ऊन लागल्यासारखी लाली. प्रवासी पेट्या भरत होते तेव्हा ती आणि तो गोदामाच्या दाराशी उभे होते, हळू आवाजात बोलत. मी जवळ गेले तशी ती गप्प झाली. त्यानं टोपी काढून परत घातली. खोटं लपवताना तो असंच करतो.

कोणी नाही म्हणे. हिच्या हातची सफरचंदं मी वर्षानुवर्षं घरी नेतेय. आज आणलेली सगळी कचऱ्यात टाकली. मग एक परत काढून धुऊन खाल्लं, कारण भूक लागली होती. गोड होतं मेलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो. किती दिवसांनी. त्यानं बसचे कागद काढले, म्हणाला सह्या लागतील, तीन ठिकाणी. कुठे करायच्या तिथे त्यानं पेन्सिलनं फुल्या करून ठेवल्या होत्या. मी वाचलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं, दोघांचे चहाचे कप शेजारी होते, आणि तो म्हणत होता, इथे, आता इथे. मी सावकाश, वळणदार सह्या केल्या. पटकन केल्या असत्या तर तो पटकन उठला असता.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज आम्ही माणूस विसरून आलो.

एकोणीस वर्षांत असं झालं नाही.

चार नंबरच्या सीटवर एक आजी असतात. प्रयोगशाळेतून रिटायर झालेल्या, दरवर्षी तीन-चारदा येतात, चार नंबरच मागतात आणि वाटभर विणत बसतात. आज भुलभुलैयातून निघताना माझं लक्ष नव्हतं. सकाळी बागेत तो पुन्हा बागवालीशी बोलला होता आणि तेच डोक्यात घोळत होतं. मोजायला लागले. चार नंबरवर आजींचा कोट होता, वर टोपी. मी त्यालाच डोकं धरलं. म्हटलं, बावीस आणि दोन. समोरून आवाज आला, बावीस आणि दोन. इंजिन सुरू झालं.

जंगलाशी उतरलो तेव्हा कोट एकटाच मागे राहिला. लोकांना तिथेच थांबवून आम्ही दोघं उलटे फिरलो. पंचवीस मिनिटं.

आजी शेताच्या तोंडाशी गवताच्या भाऱ्यावर बसून विणत होत्या. अंगात नुसतं स्वेटर. थंडी पडायला लागली होती. मी पाया पडायचीच बाकी होते. त्या म्हणाल्या, "मला काळजी नव्हती वाटली. म्हटलं, दोघं मोजतात, एकाच्या तरी लक्षात येईल."

मी त्याच्याकडे बघितलं. तो बसच्या चाकाकडे बघत होता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

विचारायचं नाही असं ठरवून विचारलं. तो मोजे घालत होता.

"काल आरशात मोजलं होतंस का?"

"नाही. तू म्हणालीस तो आकडा म्हटला."

"कालच?"

त्यानं दुसरा मोजा घातला. म्हणाला, "दोन वर्षं झाली असतील."

दोन वर्षं. म्हणजे दोन हंगाम आणि हा अर्धा. मी पुढून मागे जायचे, कधी प्रवाशांच्या पिशव्या ओलांडून, कधी पोरांच्या पायांवरून, आणि वाटायचं की समोर आरशात दोन डोळे माझ्याबरोबर एकेका सीटवरून सरकताहेत. वाटायचं काय, दिसायचेसुद्धा. दिवसभरात काही बोलणं झालं नसलं तरी तेवढं एक मिनिट आम्ही बरोबर असायचो. माझ्यासाठी तेच लग्न होतं. आणि तो तिथे नव्हताच.

नवरा सोडून जातो म्हटल्यावर बाईनं रडावं, ते मी रडले होते. आज रडू आलं नाही. आज स्वतःची लाज वाटली, एकटीच जोडीनं नाचत होते म्हणून.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तो पुन्हा मोजायला लागलाय. मान वळवून, बोट नाचवून, मोठ्यानं. सगळ्यांसमोर. चार नंबरच्या आजी आज नव्हत्या, तरी त्या सीटकडे दोनदा बघितलं त्यानं.

म्हणजे धक्का बसलाय त्याला. माणूस बदलू शकतो की. अजून चार आठवडे आहेत.

१९ ऑक्टोबर, रविवार

बागवालीला गाठलं. लोक झाडांखाली होते, ती पेट्यांवर खिळे ठोकत होती. मी सरळ विचारलं, तुमचं आणि माझ्या नवऱ्याचं काय चाललंय. म्हणताना आवाज फाटला.

ती हातोडी घेऊन तशीच उभी राहिली. मग इतकी कळवळली की मलाच कसंतरी झालं. म्हणाली, "बाई, ते मला विचारत होते, पुढच्या वर्षी तुम्ही एकट्या आलात तर पेट्या बसमध्ये चढवायला माझा माणूस देईन का. तुमची पाठ दुखते म्हणाले. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

मी सॉरी म्हटलं. तिनं एक पेटी माझ्या पायाशी ठेवली.

पुढच्या वर्षी मी एकटी. म्हणजे कधी त्याला बरं नसलं तर, असा अर्थ होऊ शकतो. त्याचा गुडघा दुखतो थंडीत. असाही अर्थ होऊ शकतो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पोस्टानं बसचं नोंदणीचं पुस्तक आलं. मालक या रकान्यात माझं खरं नाव. एकच नाव. पान उलटून बघितलं, मागेही नव्हतं त्याचं.

ताई आली. मी तिला सगळं दाखवलं, एकेक करून. माइक, किल्ल्या, पुस्तक. रिव्हर्सचं सांगितलं. ताईनं माझं डोकं मांडीवर घेतलं, आई घ्यायची तसं, आणि म्हणाली, "अगं वेडे, तो तुला जवळ घेत नव्हता. तुला कामाला लावून जात होता." मला ते पहिल्या बुधवारीच का नाही सांगितलंस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, किती दिवसांनी तू फोनवर हसली होतीस.

मी तिच्यावर ओरडले. नंतर तिचा पदर भिजेस्तोवर रडले. तो बाहेर बसचे वायपर बदलत होता. पाऊस-बर्फाची सोय.

मला त्याचा राग यायला हवा, आणि येतोही. पण नालायक माणूस असता तर राग नीट आला असता. हा मला टाकून चाललाय आणि जाता जाता माझी पाठ दुखते हे लोकांना सांगतोय.

२ नोव्हेंबर, रविवार

धुकं. तळ्याचं दुसरं टोक दिसलं नाही. बदकं शेकड्यांनी उतरलीत, दक्षिणेला जायच्या आधी दोन दिवस थांबतात. एका मुलीनं विचारलं, ती परत येतात का. मी माइकवर होते. म्हटलं, येतात. बदकांचं पक्कं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

शेवटची फेरी. पानं सगळी खाली, झाडं उघडी. बागेत सफरचंदं संपली होती, बागवालीनं गरम कॉफी दिली. चार नंबरच्या आजी आल्या होत्या. उतरताना प्रत्येक वेळी मला हात करून सांगत होत्या, ही मी, कोट नव्हे.

तळ्यावर आलो. संध्याकाळचे पाच, पाणी काळपट. मी त्याच्या बाजूला वाकून माइकची मान माझ्याकडे वळवली. लाँचची वेळ सांगितली, मफलर बांधा म्हटलं, काठाशी धावू नका म्हटलं. मग थांबले. लोक बघत होते, जुन्या प्रवाशांना गोष्ट ठाऊक होती. मी बटण बंद केलं. आमची गोष्ट आता माझी एकटीची झाली होती आणि एकटीनं ती सांगून काय करायचं.

दार उघडलं, लोक उतरायला उठले.

आणि हॉर्न वाजला. दोनदा.

नवे लोक दचकले. कुणीतरी विचारलं, काय झालं, उशीर झाला का? मी म्हटलं, नाही, सावकाश उतरा. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो समोर काचेतून तळ्याकडे बघत होता. चष्मा ओला होता. पुसला नाही त्यानं.

काही वाटेनासं झालंय म्हणाला होता. तेवढं खोटं बोलला वाटतं. किंवा खरं, आणि तेवढ्यापुरतंच वाटलं. मला आता यातलं काही कळत नाही आणि मी अर्थ लावणं सोडलंय.

परत येताना त्यानं मान वळवून मोजलं. बावीस आणि दोन.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सहाच्या गाडीनं गेला. एक बॅग, हत्यारांची पेटी. मी स्टेशनवर येते म्हटलं, नको म्हणाला. दारात म्हणाला, "पंधरा तारखेपर्यंत बस शेडमध्ये घाल. बॅटरीची वायर काढून ठेव." मी हो म्हटलं. "तिन्ही आरसे," म्हणाला.

मी म्हटलं, "कॅप्टन." त्यानं वर बघितलं. पुढे काय म्हणायचं ते मला सुचलंच नाही. इतकी वर्षं बोलले, आणि आज रेडिओ बंद.

चहाचे दोन कप केले होते. दोन्ही मीच प्यायले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शेवटच्या दिवशीच जायचं सुचलं. चार दिवस बसकडे बघवत नव्हतं. ताई येते म्हणाली होती, तिला म्हटलं, मला करू दे.

किल्ली चिठ्ठी बघून काढली. दार उघडलं, वर चढले. आत त्याचा वास येईल म्हणून श्वास धरला होता, पण नुसता साबणाचा वास होता. धुऊन गेला होता आतून. मी ओठ चावून, दोन्ही हात पुढे करून सीटखालचा दांडा पकडायला वाकले.

सीट पुढे ओढलेली होती. माझ्या मापावर. पाय पेडलवर बरोबर टेकले. मोठा आरसाही खाली वळवलेला, माझ्या डोळ्यांसमोर. म्हणजे तळ्यावरून परत आल्यावर, बस दारात लावल्यावर, तो शेवटचा उतरला तेव्हा हे करून उतरला. त्यानंतर त्याला स्वतःला इथे बसता आलं नसतं.

आरशात सगळ्या सीटा दिसत होत्या, पुढून मागेपर्यंत. कुठे पिशवी नाही, कोट नाही. मी मोजलं. मोठ्यानं म्हटलं, "शून्य आणि एक."

मग सवयीनं थांबले. किती वेळ थांबले ते माहीत नाही, हीटर लावायचंही सुचलं नाही. दुसरा आकडा आला नाही, आणि मी इंजिन सुरू केलं.